वीस मिनिटांची डाळ

कुकरची शिट्टी झाली आणि सगळं आवार दचकलं.

दुपारचा एक वाजला होता. वारा पडला होता. पत्र्याच्या खोल्यांच्या बारक्या सावलीत कार्यालयातली माणसं जेवणाआधीची डुलकी घेत होती, कुणी कुणाशी बोलत नव्हतं, आणि त्या मुक्या उन्हात माझ्या तीन लिटरच्या कुकरनं कोथरूडच्या स्वयंपाकघरात असल्यासारखी लांबलचक शिट्टी ठोकली. फाटकावरचा पहारेकरी काठी घेऊन धावत आला. त्याच्या मागून आमचा दुभाषा इद्रिस, एकाच पायात चप्पल.

"काय फुटलं?"

"काही नाही. जेवण होतंय."

"तुमच्याकडे जेवण ओरडतं?"

इद्रिस पन्नाशी उलटलेला, सात नातवंडांचा आजोबा. त्याला सहसा कशाचं नवल वाटत नसे. तो दाराशीच उकिडवा बसला आणि गारुड्याच्या टोपलीकडे बघावं तसा कुकरकडे बघत राहिला. दुसऱ्या शिट्टीला त्यानं कानांवर हात ठेवले. तिसरीला खदखदून हसला.

तेवढ्यात फाटकातून पांढरी जीप आत आली. जीप पुरती थांबायच्या आधीच पुढचं दार उघडलं, धुळीनं माखलेल्या सुती साडीतल्या एक ठेंगण्या बाई खाली उतरल्या, आणि नाक वर करून त्यांनी हवेतच विचारलं, "हिंग? इथं? कोण हाये वं आत?"

या आमच्या धर्माळे मॅडम. प्रमिला धर्माळे, आमच्या जागतिक अन्नसाह्य संस्थेच्या महासंचालक. जगात कुठंही पूर आला, लढाई पेटली, पीक गेलं, की किती लाख माणसांना काय खायला पोचवायचं ते या बाई ठरवायच्या. मूळच्या दर्यापूरकडच्या. नायब तहसीलदार म्हणून नोकरीला लागल्या, टंचाईच्या सालात रोजगार हमीच्या कामावर जाऊन मजुरांच्या भाकरीतली भाकरी खाणाऱ्या बाई म्हणून जिल्ह्यात गाजल्या, मग जिल्हाधिकारी, मग पुरवठा खात्याच्या सचिव, आणि तिथून थेट साऱ्या जगाचा पुरवठा. मोठमोठ्या बैठकांत त्या अस्खलित इंग्रजी बोलत. माझ्याशी मात्र वऱ्हाडी. "दिवसभर कोट घातल्यावानी वाटतं. तुझ्याशी बोललं का गुंड्या सोडल्यावानी वाटतं," म्हणायच्या.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, अन्नशास्त्रात एम.एस्सी. करून संस्थेत लागलेली. मुख्यालयातून मला पूर्व आफ्रिकेतल्या या सीमेवरच्या छावणीत चार महिन्यांसाठी पाठवलं होतं. एकेचाळीस हजार माणसं होती तिथं. आम्ही त्यांना ज्वारी, तेल, मीठ आणि वाटाण्याची पिवळी डाळ द्यायचो. मांस नाही, दूध नाही. अंगात बळ यायचं ते त्या डाळीनं.

आणि नेमकी तीच डाळ बंद व्हायची वेळ आली होती.

कारण माझंच सर्वेक्षण. तीन घरांतलं एक घर डाळ बाजारात विकतं, असं त्यात निघालं होतं. ज्या देशांच्या मदतीवर डाळ यायची त्यांना ते कळलं. लोक विकतात म्हणजे त्यांना नको आहे, असा सरळ अर्थ त्यांनी काढला. आता त्यांचं तिघांचं शिष्टमंडळ परवा येणार होतं, एक दिवस बघणार होतं, आणि तिथंच डाळीचा निकाल लावून संध्याकाळच्या विमानानं परत जाणार होतं. मॅडमची पाच वर्षांची मुदत मार्चमध्ये संपत होती. आणखी पाच वर्षं त्यांनाच मिळणार हे सगळे धरून चालले होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर त्याची काळजी मी कधी पाहिली नाही. त्या डाळीसाठी आल्या होत्या.

म्हणून तर मी वरण-भात केला होता. तीन विमानं बदलून आलेल्या बाईला निदान एक घास घरचा मिळावा.

त्यांनी हात धुतले, खाटेवर मांडी घातली, भातावर वरण घेतलं आणि डोळे मिटून पहिला घास खाल्ला.

"अहाहा. लोण्यावानी शिजलं. कोणती डाळ?"

"इथलीच, मॅडम. आपली वाटाण्याची."

"अस्सं? किती वेळ लागला?"

"तीन शिट्ट्या. वीस मिनिटं."

त्यांचा दुसरा घास तोंडाशी जाता जाता थांबला. फार नाही, एखादा क्षण.

"पाणी?"

"बाटलीतलं घेतलं. तुमच्यासाठी."

"हं," त्या म्हणाल्या आणि घास खाल्ला. मग आणखी दोनदा वाढून घेतलं, इद्रिसलाही बळेच एक वाटी प्यायला लावली, आणि हात धुताना म्हणाल्या, "उद्या सकाळी मले एका घरी ने. कोणत्याही. इथल्या चुलीपाशी बसाचं हाये. कुकर राहू दे इथंच."

ही त्यांची जुनी रीत. कुठल्याही गावी गेल्या की कागद उघडायच्या आधी कुणाच्या तरी चुलीपुढं जाऊन बसायच्या. मुख्यालयातले लोक यावरून हसत. महासंचालकांच्या दौऱ्याच्या कार्यक्रमात 'सकाळी आठ ते दहा: चूल' असं छापून आलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

*

इद्रिसनं आम्हाला आमनाकडे नेलं. आमना पस्तिशीची असेल. चार मुलं, एक म्हातारी सासू, आणि गुडघ्याएवढ्या काट्यांच्या कुंपणाआड झाडूनपुसून लख्ख ठेवलेलं अंगण. जीभ विळ्यासारखी. मॅडमना बघून ती इद्रिसला काहीतरी म्हणाली आणि तो ओठ चावू लागला.

"काय म्हणते? सांग, सांग."

"म्हणते, जगाला जेवू घालणारी बाई म्हणून मोठी उंचीपुरी असेल असं वाटलं होतं."

मॅडम हसल्या. "तिला सांग, उंची वाटपात गेली."

इद्रिसनं काय सांगितलं देव जाणे, पण आमनानं लगेच बसायला चटई टाकली.

मॅडमनी एकच मागणं केलं. आम्ही देतो तीच डाळ, इथलंच पाणी, आणि आम्ही देतो त्या लाकडातला एका दिवसाचा वाटा. एवढ्यात आमच्यासमोर डाळ शिजव. आमनानं आठवड्याची मोळी उघडली आणि त्यातली चार लाकडं बाजूला काढली. मनगटाएवढी जाड, हातभर लांब. आसपास दहा मैलांत झुडूपही उरलं नव्हतं, त्यामुळं घरटी मोळी आम्हीच द्यायचो. कुठल्या घराला किती लाकूड लागेल याचा हिशेब मुख्यालयात होई, आणि तो होई धान्य शिजायला लागणाऱ्या वेळेवरून.

चूल पेटली. भांड्यात कूपनलिकेचं पाणी ओतलं. भांड्याच्या आत पांढरी खपली धरली होती. बोटानं खरवडली तर खडूसारखी निघाली.

"आमच्याकडे असंच पाणी," मॅडम इद्रिसला म्हणाल्या. "माझा मुलूख खारपाणपट्टा. विहिरीला पाणी भरपूर, पण त्यात डाळ म्हणून शिजत नाही. माझी आई तळ्याचं पाणी वेगळ्या माठात ठेवायची, फक्त डाळीसाठी. त्या माठातलं पाणी कुणी प्यालं की पाठीत धपाटा."

आमनाला ते फार आवडलं. "मग तुझ्या पाठीत किती?" तिनं विचारलं.

"पुष्कळ. म्हणून तर उंची वाढली नाही."

शेजारच्या बायका कुंपणापाशी जमू लागल्या. कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या डोक्यावर घागर. डाळीच्या भांड्याभोवती एक छोटी जत्राच भरली. मी घड्याळ बघत होते. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. वीस मिनिटांनी चौथं लाकूड निखारा झालं आणि बसलं.

मॅडमनी पळीनं दोन दाणे काढले आणि माझ्या तळहातावर ठेवले. मी एक दाबून पाहिला. दाबला गेला नाही. दाताखाली धरला. कट् आवाज झाला.

बायका हसल्या. एक म्हातारी काहीतरी ओरडली आणि सगळ्या आणखी जोरात हसल्या.

"ती विचारते, तुमच्या देशात दगड किती वेळात शिजतात?" इद्रिस म्हणाला.

"रात्रभर भिजत घातली तर?" मी विचारलं.

"भिजते, फुगते, शिजत नाही," आमना म्हणाली. तिनं हात वर करून सूर्याची जागा दाखवली आणि बोट हळूहळू पश्चिमेकडे नेलं. "इथून, इथपर्यंत. मग शिजते."

अडीच-तीन तास.

"आणि तेवढी लाकडं कुठून आणता?"

आमनानं माझ्याकडे बघितलं, जसं आपण फार साधी गोष्ट विचारणाऱ्या लहान मुलाकडे बघतो. "बाजारातून. अर्धी डाळ देतो, लाकूड घेतो. उरलेली अर्धी शिजवतो."

विकतात म्हणून नको आहे असं नव्हतं. शिजवायची होती म्हणून विकत होत्या. माझ्या सर्वेक्षणात 'डाळ विकता का' असा प्रश्न होता आणि पुढं हो आणि नाही असे दोन चौकोन होते. 'का' विचारायला मी जागाच ठेवली नव्हती.

पण मला घाम फुटला होता तो त्याहून जुन्या एका गोष्टीनं.

आदल्या वर्षी ही डाळ पहिल्यांदा पाठवायची ठरली, तेव्हा तिचा तक्ता मी भरला होता. प्रथिनं किती, लोह किती, किती दिवस टिकते. 'शिजण्यास लागणारा वेळ' या रकान्यासाठी मी डाळ घरी नेली, माझ्या भाड्याच्या खोलीत. पुण्याहून विमानानं निघताना आईनं हट्टानं बरोबर दिलेला कुकर होता. लहानपणापासून डाळ शिजवणं म्हणजे कुकर लावणं एवढंच मी पाहिलं होतं. डाळ उघड्या भांड्यातही शिजवतात, ते पाणी नळाचं नसू शकतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तीन शिट्ट्या झाल्या. मी रकान्यात लिहिलं: वीस मिनिटं. त्या विसावरून एकेचाळीस हजार माणसांची लाकडं ठरली.

परतताना जीपमध्ये मॅडम दर्यापूरच्या माठाविषयी आणखी काय काय सांगत होत्या. मी हं हं करत होते. मध्येच त्या थांबल्या.

"काही बोलाचं हाये का तुले?"

"नाही, मॅडम."

"बरं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा माठाकडे वळल्या.

*

शिष्टमंडळ दुसऱ्या दिवशी अकराला उतरलं. दोन बायका आणि त्यांचे प्रमुख श्री. ब्रांट, साडेसहा फूट, पिंगट दाढी, दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायची सवय. त्यांच्यासाठी कार्यालयात टेबल मांडलं असेल अशी त्यांची कल्पना असावी. मॅडम त्यांना पायी आमनाच्या अंगणात घेऊन गेल्या.

"जेवण इथं आहे," मॅडम म्हणाल्या. "आमच्या कागदाप्रमाणं वीस मिनिटांत तयार होईल. मग चर्चा करू."

आमनानं चार लाकडं लावली. आज जत्रा दुप्पट होती. ब्रांटसाहेब बिचारे मदतीला म्हणून चुलीशी वाकले आणि फुंकर मारायला लागले. राख उडून त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या.

"याला सांग," आमना इद्रिसला म्हणाली, "फुंकायचं चुलीला. दाढीला नाही."

इद्रिसनं ते जसंच्या तसं सांगितलं. तो मुद्दामच काही मऊ करत नसे. ब्रांटसाहेब हसले, आणि मला वाटलं, हा माणूस वाईट नाही.

वीस मिनिटं झाली. मॅडमनी स्वतः वाढलं. तिघांच्या तीन वाट्या, कोमट पिवळं पाणी आणि तळाशी दाणे. ब्रांटसाहेबांनी चमचा तोंडात घातला. कट्. पुन्हा कट्. सभ्य माणूस. गिळलं.

"जरा... दाणेदार आहे."

ते आमनाला कळल्यावर ती हसत हसत खालीच बसली. तिच्या सासूनं ब्रांटसाहेबांना जवळ बोलावून स्वतःचं तोंड उघडून दाखवलं: वर दोन दात, खाली तीन. "मी कशानं चावू?" ती म्हणाली. मग मात्र त्यांनी वाटी खाली ठेवली.

"मग तुम्ही काय करता?" त्यांनी आमनाला विचारलं.

उरलेल्या कोरड्या डाळीतली अर्धी आमनानं डब्यात भरली, डबा डोक्यावर ठेवला आणि चल म्हणून हातानं खूण केली. ते तिच्यामागून बाजारात गेले. अर्ध्या तासानं परत आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर लाकडं होती. आमनानं रिकामा डबा मिरवत आणला होता आणि मागून पोरांचं लटांबर. ब्रांटसाहेबांच्या पांढऱ्या शर्टाला लाकडाचा काळा डाग पडला होता आणि त्यांनी तासाभरात एकदाही घड्याळ बघितलं नव्हतं.

डाळ शिजली तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. आमनानं वरून तेल आणि मीठ घातलं. सगळ्यांनी एकाच परातीतून ज्वारीच्या उकडीबरोबर खाल्ली. मी तितकी चवदार डाळ त्याआधी खाल्ली नव्हती, आणि मला एक घासही गिळवत नव्हता.

कारण आता तो प्रश्न येणार होता.

ब्रांटसाहेबांनी बोटं पुसली, वही काढली. "डाळ चालू राहील," ते म्हणाले. "लाकूड वाढवावं लागेल. चौपट तरी. ते मी बघतो." इद्रिसनं सांगताच बायकांनी आनंदानं जिभेनं असा उंच, थरथरता आवाज काढला, की माझ्या अंगावर काटा आला. ब्रांटसाहेब थांबले, मग म्हणाले, "पण एक विचारायला हवं. वीस मिनिटं हे कुणी ठरवलं?"

बायका त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. मॅडम पायातल्या चपलेची वाळू झटकत होत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, आणि त्या क्षणी मला कळलं की परवा दुपारी घास थांबला तेव्हाच त्यांना सगळं कळलं होतं.

मी उभी राहिले.

"मी," मी म्हटलं. "तो आकडा माझा आहे. मी डाळ माझ्या आईनं विमानातून बरोबर दिलेल्या कुकरमध्ये लावली होती."

ब्रांटसाहेबांना कुकर समजेना. मी हातवारे करून झाकण, वाफ, शिट्टी समजावू लागले. इद्रिस मदतीला आला. त्यानं तर सगळ्या बायकांसमोर उठून ओरडणाऱ्या भांड्याची नक्कलच केली. अंगणभर हशा पिकला. आमनानं डोळे पुसले आणि माझा दंड धरून मला आपल्या शेजारी चटईवर ओढलं.

"ही विचारते," इद्रिस म्हणाला, "ते भांडं तिला बघायला मिळेल का. आणि म्हणते, तुझी आई तुझ्यावर फार जीव टाकत असणार. एवढं जड भांडं विमानातून कोण पाठवतं?"

मला हसू आणि रडू एकदमच आलं.

मॅडम म्हणाल्या, "लिहा, मिस्टर ब्रांट. आकडा हिनं लिहिला. सही मी केली. ही पुण्याची, हिला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मी अशा पाण्यावर वाढले. डाळ न शिजणं काय असतं ते हिच्या जन्माआधीपासून मला माहीत आहे. 'वीस' दिसल्यावर माझा हात थांबायला हवा होता. थांबला नाही. त्या दिवशी सह्यांचा गठ्ठा मोठा होता. चूक माझी."

"दोघींची म्हणू या?" ब्रांटसाहेब म्हणाले.

"नको. कागदाखाली दोन सह्या नव्हत्या."

मग माझ्याकडे वळून, हळूच, मराठीत: "खा वं आता. थंड झाली."

*

पुढचं थोडक्यात सांगते. लाकूड आलं. सहा महिन्यांनी वाटाण्याऐवजी लवकर शिजणारी मसुराची डाळ आली, आणि तिचा वेळ आम्ही पुन्हा तिथं जाऊन आमनाच्या अंगणात, तिच्या भांड्यात, तिच्या पाण्यात मोजला. माझा कुकर मी तिला दाखवायला नेला तो तिथंच राहिला. बाटलीचं पाणी आणि वायूची शेगडी नसल्यानं तिला त्याचा काही उपयोग नव्हता. तिची धाकटी त्यात कोंबडीची अंडी ठेवायची.

ब्रांटसाहेबांचा अहवाल आठ पानांचा होता. साडेसात पानं मॅडमची स्तुती. एका परिच्छेदात मात्र स्वच्छ लिहिलं होतं, की मूळ चूक महासंचालकांच्या सहीनं गेली आणि ती त्यांनी स्वतः मान्य केली. माझं नाव कुठंही नव्हतं. मार्चमध्ये नेमणुकीची बैठक भरली. ज्यांना त्या जागी दुसरं माणूस हवं होतं त्यांनी आठ पानांतला तो एक परिच्छेद मोठ्यानं वाचला. मॅडमना दुसरी पाच वर्षं मिळाली नाहीत.

त्या दर्यापूरला परतल्या. दुःखी वगैरे मुळीच नाहीत. आता आसपासच्या जिल्हा परिषदेच्या शाळांत न सांगता जातात, खिचडीच्या चुलीपाशी बसतात, आणि मुख्याध्यापकांना घाम फोडतात. मला फोन करतात. "काय म्हणते तुझी पोट्टी? जेवते का धड?" रेणू झाली तेव्हा त्यांनी कुरिअरनं बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू पाठवले, वर चिठ्ठी: 'शिजवायची गरज नाही.' मी कधी त्या अंगणाचा विषय काढला तर म्हणतात, "सोड वं. डाळ चालू राहिली ना? मंग."

आणखी एक गोष्ट आहे, ती मी कुणाला सांगितली नव्हती. अहवाल आला त्याच आठवड्यात मी नेमणूक मंडळाला एक पत्र लिहिलं होतं. आकडा कसा निघाला, कुठल्या खोलीत, कुठल्या भांड्यात, सगळं. अकरा दिवस ते माझ्या पिशवीत होतं. बाराव्या दिवशी माझ्या बढतीचा हुकूम आला. मग ते पत्र मी टाकलं नाही. फाडलंही नाही.

काल दुपारी रेणूला जेवू घालताना ती पानाशी फार रेंगाळत होती, म्हणून मी तिला आमनाच्या अंगणाची गोष्ट सांगितली. साडेपाच वर्षांची आहे. ब्रांटसाहेबांच्या पांढऱ्या भुवया तिला इतक्या आवडल्या की पिठाच्या डब्यात बोटं बुडवून स्वतःच्या करून घेतल्या. तिथं उंट होते का, आमनाच्या धाकटीचं अंडं फुटलं का, आजीला दात का नव्हते, एकेका प्रश्नागणिक एकेक घास गेला. गोष्ट सांगता सांगता पत्रापर्यंत कधी आले मला कळलं नाही. वाटलं, हिला काय समजणार.

रेणू चावायची थांबली.

"ते पत्र कुठेय?"

"आहे. कपाटात."

"त्यावर पत्ता लिहिलाय?"

"लिहिलाय."

तिनं पांढऱ्या भुवया उंचावून माझ्याकडे बघितलं. शाळेत मैत्रिणीचा रंग चुकून घरी आणला की दुसऱ्या दिवशी परत करायचा, हे तिला मीच शिकवलं आहे.

"मग आई," ती म्हणाली, "आता टाकलं तर?"